राखीव सर्व्हर असताना बॅकअप कशाला? आणि बॅकअप राखीव सर्व्हरवरूनच का घेतात?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात एका सरकारी डेटा सेंटरला आग लागली. लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचं काम सुरू असताना ही आग भडकली. शेकडो सरकारी ऑनलाइन सेवा बंद करण्याची वेळ आली. यातल्या बऱ्याच सेवा पुढच्या काही आठवड्यांत परत सुरू झाल्या. पण 'जी-ड्राइव्ह' नावाची एक व्यवस्था परत आली नाही.

सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाच्या फायली स्वतःच्या कॉम्प्युटरवर न ठेवता या जी-ड्राइव्हवर ठेवाव्यात, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यावर सुमारे ८५८ टेराबाइट डेटा होता. त्याची बाहेर ठेवलेली दुसरी प्रत नव्हती. डेटाचा आकार फार मोठा असल्यामुळे बाहेरचा बॅकअप घेतला जात नव्हता, असं स्पष्टीकरण अधिकाऱ्यांकडून आलं.

ही बातमी वाचून सोशल मीडियावर पहिली प्रतिक्रिया अर्थातच हीच होती: 'एवढ्या प्रगत देशाला दुसरी प्रत ठेवता आली नाही?'

पण दुसरी प्रत ठेवली असती तर प्रश्न सुटला असता का? ते ती प्रत कोणत्या प्रकारची आहे यावर अवलंबून आहे. कारण डेटाच्या दोन जिवंत प्रती असूनही दोन्ही एकाच वेळी गेल्याचं उदाहरण त्याच्या वर्षभर आधीच घडलं होतं.

दोन्ही प्रती एकदम कशा गेल्या?

युनिसुपर हा ऑस्ट्रेलियातला मोठा पेन्शन फंड आहे. त्याचे सहा लाखांहून अधिक सभासद आहेत. मे २०२४ मध्ये या सभासदांना आपली खाती ऑनलाइन दिसेनाशी झाली. फंडाची यंत्रणा गूगल क्लाउडवर होती आणि खबरदारी म्हणून ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली होती. एक ठिकाण बंद पडलं तर दुसरं कामाला येईल, हा त्यामागचा विचार.

पण ही यंत्रणा उभी करताना झालेल्या एका चुकीच्या सेटिंगमुळे युनिसुपरचं क्लाउड सबस्क्रिप्शनच डिलीट झालं. डिलीट झालेली गोष्ट सबस्क्रिप्शन असल्यामुळे त्याखाली असलेली दोन्ही ठिकाणं गेली. युनिसुपर आणि गूगल क्लाउडच्या प्रमुखांनी संयुक्त निवेदन काढून हे मान्य केलं.

फंड वाचला तो वेगळ्याच कारणामुळे. युनिसुपरनं दुसऱ्या एका कंपनीकडे वेगळे बॅकअप ठेवलेले होते. डेटा परत आणण्याच्या कामात त्यांचा मोठा हात होता.

इथे दोन शब्द वेगळे करून समजून घ्यायला हवेत. पहिला रेप्लिका, म्हणजे मुख्य डेटाबरोबर सतत बदलत राहणारी प्रत. दुसरा बॅकअप, म्हणजे एका ठरावीक क्षणी घेऊन बाजूला ठेवलेली प्रत. बोलताना दोन्हींना 'दुसरी कॉपी' म्हटलं जातं. घोळ तिथूनच सुरू होतो.

रेप्लिका म्हणजे नेमकं काय?

बँक, रेल्वे आरक्षण, हॉस्पिटल, ऑनलाइन दुकान अशा कोणत्याही सेवेच्या मागे एक डेटाबेस असतो. कोणी किती पैसे पाठवले, कोणतं सीट कोणाला मिळालं, कोणाचा रिपोर्ट काय आला याच्या नोंदी त्यात असतात. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल ही त्यातली दोन सर्वाधिक वापरली जाणारी सॉफ्टवेअर.

हा डेटाबेस सहसा एकाच मशीनच्या भरवशावर ठेवत नाहीत. मुख्य सर्व्हरच्या जोडीला एक राखीव सर्व्हर असतो. त्याला स्टँडबाय किंवा रेप्लिका म्हणतात. मुख्य सर्व्हरवर झालेला प्रत्येक बदल लगेच या राखीव सर्व्हरकडे पाठवला जातो आणि तिथेही तसाच केला जातो. मुख्य सर्व्हर बंद पडला तर राखीव सर्व्हर त्याची जागा घेतो.

किराणा दुकानाचं उदाहरण घेऊ. मालक गल्ल्यावर बसून वहीत उधारी लिहितोय. आतल्या खोलीत एक मुलगा बसलाय. मालक जे लिहितो ते मोठ्यानं सांगतो आणि मुलगा तेच दुसऱ्या वहीत उतरवतो. उद्या मालकाच्या वहीवर चहा सांडला तर आतली वही तयार आहे.

पण मालकानं चुकून म्हटलं, 'पाटलांची सगळी उधारी खोड,' तर मुलगाही ती खोडणार. चूक कोणती आणि बरोबर कोणतं हे ठरवणं त्याचं काम नाही. काही सेकंदांत दोन्ही वह्या सारख्याच चुकीच्या होतील.

रेप्लिका अशीच वागते. मशीन बिघडलं, वीज गेली, डिस्क खराब झाली तर ती वाचवते. पण कोणी चुकून टेबल डिलीट केलं, नव्या सॉफ्टवेअरनं लाखो नोंदी चुकीच्या लिहिल्या किंवा हल्लेखोरानं डेटाबेसमध्ये शिरून नोंदी पुसल्या, तर तो बदलही इमानदारीनं राखीव सर्व्हरवर पोहोचतो.

हा फरक मोबाइलमध्येही दिसतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो त्या ॲपमधून डिलीट केला की तो फोनवरून जातो आणि क्लाउडवरूनही जातो. काही दिवस तो ट्रॅशमध्ये राहतो, नंतर कायमचा जातो. दोन ठिकाणी दिसणारा फोटो म्हणजे दोन स्वतंत्र फोटो असतीलच असं नाही.

मग बॅकअप राखीव सर्व्हरवरून का घेतात?

रेप्लिका म्हणजे बॅकअप नाही. तरीही बॅकअप घेण्यासाठी ती अतिशय सोयीची जागा आहे.

बॅकअप घ्यायचा म्हणजे डेटाबेस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा. काही शे गिगाबाइट किंवा काही टेराबाइटचा डेटाबेस असेल तर या कामाला कित्येक तास लागू शकतात. तेवढा वेळ डिस्क, प्रोसेसर आणि नेटवर्क या तिन्हींवर ताण येतो. हे काम मुख्य सर्व्हरवर केलं तर त्याच वेळी तिकीट काढणारा, पैसे पाठवणारा किंवा निकाल बघणारा माणूस ताटकळत बसतो.

पूर्वी यावर सोपा उपाय होता. रात्री दोन-तीन वाजता बॅकअप घ्यायचा. पण आता यूपीआय रात्रीही चालतं, जेवणाची ऑर्डर रात्रीही जाते, परदेशातला ग्राहक आपल्या मध्यरात्री खरेदी करतो. निवांत वेळ उरलेली नाही.

म्हणून दुकानाच्या वहीची झेरॉक्स काढायची असेल तर गर्दीच्या वेळी गल्ल्यावरची वही उचलून नेण्यापेक्षा आतली वही नेणं शहाणपणाचं. गिऱ्हाईक थांबत नाही आणि काम होतं.

सॉफ्टवेअरनंही ही सोय करून दिली आहे. पोस्टग्रेसमध्ये चालू राखीव सर्व्हरवरून संपूर्ण डेटाबेसची प्रत घेण्याची सोय २०१२ साली आलेल्या ९.२ या आवृत्तीपासून आहे. मायएसक्यूएलमध्ये रेप्लिकाचं काम थोडा वेळ थांबवून, मुख्य सर्व्हरच्या कोणत्या नोंदीपर्यंतचा हा बॅकअप आहे याची खूण त्यातच लिहून ठेवता येते. ॲमेझॉनच्या आरडीएस सेवेत दोन ठिकाणी ठेवलेल्या मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप राखीव सर्व्हरवरूनच घेतला जातो, जेणेकरून मुख्य सर्व्हर थबकू नये.

थोडक्यात, जगभरात ही रूढ पद्धत आहे. पण मुख्य सर्व्हरवरून बॅकअप घेताना जे प्रश्न कधी येत नाहीत, ते इथे येतात.

यात कुठे फसगत होते?

१. राखीव सर्व्हर मागे पडलेला असतो

मालक भराभर बोलत असेल तर आतला मुलगा दोन पानं मागे राहतो. डेटाबेसच्या भाषेत याला लॅग म्हणतात. एरवी हा लॅग सेकंदाच्या आत असतो. पण मुख्य सर्व्हरवर अचानक गर्दी झाली तर तो मिनिटांत आणि तासांत जातो. कधीकधी दोघांमधला दुवाच तुटतो.

यात धोका असा की, बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामला हे कळतच नाही. समोर जो डेटा आहे तो त्यानं घेतला की काम झालं. समजा सोमवारी दुवा तुटला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार रोज रात्री बॅकअप 'यशस्वी' झाल्याचा मेसेज येईल. आणि तिन्ही दिवसांच्या फाइलमध्ये सोमवारचाच डेटा असेल.

म्हणून फाइलवरची तारीख पुरेशी नाही. आतला डेटा कोणत्या क्षणापर्यंतचा आहे, हे बॅकअप सुरू करण्याआधी तपासावं लागतं. लॅग ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर बॅकअप थांबवून माणसाला कळवणं, हा खरा उपाय.

२. वाचणं आणि लिहिणं एकमेकांच्या आड येतं

राखीव सर्व्हर एकीकडे मुख्य सर्व्हरकडून आलेले बदल लिहीत असतो. दुसरीकडे बॅकअपला एका क्षणाचं स्थिर चित्र हवं असतं. ज्या जुन्या नोंदी बॅकअप अजून वाचतोय, त्याच काढून टाकण्याचा निरोप मुख्य सर्व्हरकडून आला तर काय करायचं?

टेबलं एकेक करून वाचणारा बॅकअप चालू असेल तर पोस्टग्रेस अशा वेळी थोडं थांबतं. ही मर्यादा बदलली नसेल तर ३० सेकंदांची असते. त्यानंतर ते बॅकअपचं काम रद्द करून बदल लिहायला लागतं. म्हणजे चार तासांचा बॅकअप साडेतीन तासांनी तुटू शकतो.

मर्यादा वाढवली तर बॅकअप पूर्ण होतो, पण तोवर राखीव सर्व्हर मागे पडतो. आणि नेमका त्याच वेळी मुख्य सर्व्हर बंद पडला तर जागा घ्यायला तयार असलेलं मशीन काही तास मागे असतं. आणखी एक सेटिंग आहे, ज्यात राखीव सर्व्हर मुख्य सर्व्हरला 'या नोंदी अजून काढू नकोस' असं कळवतो. पण मग जुन्या नोंदींचा ढीग मुख्य सर्व्हरवर साचतो. ज्याचा ताण वाचवायला निघालो होतो, त्यालाच पुन्हा ओझं.

यातून मार्ग म्हणून अनेक ठिकाणी दोन राखीव सर्व्हर ठेवतात. एक जागा घेण्यासाठी सदैव तयार, दुसरा बॅकअप आणि अहवालांच्या कामासाठी.

३. राखीव प्रतच बिघडलेली असू शकते

आतल्या मुलानं एखादी ओळ चुकीची ऐकली असेल तर झेरॉक्सही चुकीचीच निघणार. मायएसक्यूएलमध्ये काही प्रकारच्या जोडणीत रेप्लिका हळूहळू मुख्य सर्व्हरपेक्षा वेगळी होत जाऊ शकते. राखीव सर्व्हरची डिस्क खराब होऊन तिथलाच काही भाग बिघडू शकतो. तिथे ग्राहकांची रोजची कामं चालत नसतील तर कोणाची तक्रारही येत नाही. म्हणून दोन्हीकडच्या नोंदी वेळोवेळी ताडून पाहाव्या लागतात.

४. भूमिका बदलली, बॅकअपला कोणी सांगितलंच नाही

मुख्य सर्व्हर बंद पडला आणि राखीव सर्व्हरनं जागा घेतली. सेवा सुरू राहिली, सगळे खूश. पण बॅकअपचा प्रोग्राम अजून त्याच मशीनकडे जातोय. आता तो भर गर्दीत नव्या मुख्य सर्व्हरवर ताण टाकतोय. पोस्टग्रेसमध्ये तर पूर्ण प्रत घेण्याचं काम सुरू असतानाच राखीव सर्व्हर मुख्य झाला तर तो बॅकअप वायाच जातो आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो.

५. काल रात्रीपासून आत्तापर्यंतचं काय?

रात्री दोनचा बॅकअप व्यवस्थित आहे आणि दुपारी चारला चूक झाली. मधल्या १४ तासांच्या नोंदी कुठून आणणार?

यासाठी प्रत्येक बदलाची नोंदवही वेगळ्या जागी साठवावी लागते. पोस्टग्रेसमध्ये तिला वॉल म्हणतात, मायएसक्यूएलमध्ये बिनलॉग. बॅकअप आणि ही नोंदवही दोन्ही असतील तर डेटाबेस 'दुपारी ३ वाजून ५९ मिनिटांनी' जसा होता तसा उभा करता येतो. फक्त बॅकअप असेल तर मधला काळ गेला.

सगळं एकाच रात्री बिघडलं तेव्हा

या धोक्यांपैकी अनेक एकत्र आले की काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण ३१ जानेवारी २०१७ चं आहे. गिटलॅब ही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठीची जगभर वापरली जाणारी वेबसाइट. तिच्याकडे पोस्टग्रेसचा एक मुख्य आणि एक राखीव सर्व्हर होता.

त्या संध्याकाळी मुख्य सर्व्हरवरचा ताण अचानक वाढला. स्पॅम टाकणारी खाती हे त्याचं एक कारण होतं. राखीव सर्व्हर मागे पडत गेला. इतका मागे, की त्याला हव्या असलेल्या बदलांच्या नोंदी मुख्य सर्व्हरनं जागा मोकळी करण्यासाठी आधीच काढून टाकल्या होत्या. नोंदवही वेगळ्या जागी साठवण्याची व्यवस्था सुरू नव्हती. आता राखीव सर्व्हर नव्यानं भरण्याशिवाय पर्याय नव्हता.

त्यासाठी राखीव सर्व्हरवरचा जुना डेटा काढण्यात आला. नव्यानं भरण्याची कमांड अडकल्यासारखी वाटत होती. रात्री उशिरा एका इंजिनिअरनं डेटाचा फोल्डर पुन्हा एकदा डिलीट करायचं ठरवलं. पण त्या क्षणी तो मुख्य सर्व्हरवर होता. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि कमांड थांबवली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट उरले होते.

राखीव सर्व्हर रिकामा, मुख्य सर्व्हरही रिकामा. आता बॅकअपची पाळी.

रोजचा बॅकअप ज्या क्लाउड फोल्डरमध्ये जायचा, तो रिकामा निघाला. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता, पण बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा चालत होता. तो डेटाबेसच्या नव्हे तर दुसऱ्याच सर्व्हरवरून चालवला जात असल्यामुळे योग्य आवृत्ती त्याला ओळखता आली नव्हती. रोज तो चूक दाखवून थांबत होता. चूक कळवणारे ईमेल जात होते, पण ईमेल यंत्रणेच्या तपासणीत ते नाकारले जात होते. क्लाउड कंपनीची डिस्कची प्रत घेण्याची सोय डेटाबेसच्या सर्व्हरसाठी सुरूच केलेली नव्हती.

वाचवलं ते एका योगायोगानं. चाचणीच्या कामासाठी एका इंजिनिअरनं सुमारे सहा तास आधी मुख्य सर्व्हरच्या डिस्कची एक प्रत हातानं घेतली होती. ती संथ डिस्कवर असल्यामुळे परत आणायला वेळ लागला. वेबसाइट सुमारे १८ तास बंद होती. सहा तासांतला डेटा कायमचा गेला. त्यात सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कमेंट आणि ७०० नवी खाती होती. प्रोजेक्टमधला प्रत्यक्ष कोड वेगळ्या जागी असल्यामुळे वाचला.

गिटलॅबनं काहीच लपवलं नाही. डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. इंजिनिअरवर खापर फोडलं नाही. पाच-पाच उपाय कागदावर असूनही एकही धड चालत नव्हता, हा मुद्दा कंपनीनं स्वतःच मांडला.

त्या रात्री डिलीटची एक कमांड चुकली, एवढ्यावर हे प्रकरण थांबत नाही. चुका होणारच. बॅकअप कित्येक दिवस होत नव्हता आणि हे कोणाला माहीतच नव्हतं, हा त्यातला गंभीर भाग.

भारतात काय अनुभव?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स हॉस्पिटलवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा हल्लेखोरांनी कुलूपबंद केला, अशी माहिती सरकारनं संसदेत दिली. रुग्णांची नोंदणी, रिपोर्ट, बिलं ही कामं कित्येक दिवस हातानं करावी लागली.

ई-हॉस्पिटल यंत्रणेचा डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. नव्या सर्व्हरवर तो पुन्हा चढवण्यात आला. म्हणजे हल्लेखोराचा हात पोहोचला नाही अशी प्रत होती, म्हणून निभावलं. राखीव सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही एकाच पासवर्डनं, एकाच नेटवर्कवर उघडत असतील तर अशा हल्ल्यात दोन्ही एकत्र जाऊ शकतात.

मुंबईतून चालणाऱ्या शेअर बाजारांकडून दुसरी गोष्ट शिकता येते. २ मार्च २०२४ हा शनिवार होता. तरीही एनएसई आणि बीएसईनं त्या दिवशी बाजार उघडला. सकाळी काही वेळ व्यवहार मुख्य यंत्रणेवर झाले, मग मधल्या सुट्टीनंतर ते आपत्तीसाठी ठेवलेल्या पर्यायी यंत्रणेवर झाले. १८ मे २०२४ च्या शनिवारीही असंच केलं गेलं.

ही रंगीत तालीम होती, पण खऱ्या पैशांची. पर्यायी यंत्रणा आहे, एवढं म्हणून भागत नाही. ती चालते का हे चालवूनच कळतं. बॅकअपलाही हाच नियम लागू होतो. फाइल उघडून, रिकाम्या मशीनवर डेटाबेस उभा करून, त्यातल्या शेवटच्या नोंदीची वेळ पाहिल्याशिवाय तो बॅकअप आहे असं म्हणता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. या कायद्याची चर्चा बहुतेक वेळा 'डेटा चोरी' आणि 'डेटा लीक' एवढ्यापुरती होते. पण कायद्यातली 'वैयक्तिक डेटाच्या उल्लंघना'ची व्याख्या त्याहून मोठी आहे. माहिती चुकून नष्ट होणं किंवा ती हाताशी न राहणं हेही त्यात येतं.

डेटा हाताशी राहिला नाही तरी काम सुरू ठेवता यावं यासाठी काय करायचं, हे सांगताना नियमांमध्ये बॅकअपचा स्पष्ट उल्लेख आहे. डेटा जपण्यासाठी वाजवी खबरदारी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी नियम जाहीर झाल्यापासून १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे.

हे फक्त मोठ्या बँकांचं प्रकरण नाही. सभासदांच्या ठेवी सांभाळणारी पतसंस्था, मुलांचे गुण ठेवणारी शाळा, रुग्णांच्या फायली ठेवणारा दवाखाना, देखभाल खर्चाचा हिशेब ठेवणारी हाउसिंग सोसायटी अशा सगळ्यांचा डेटा आज कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आणि विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं: 'बॅकअप होतो की, व्हेंडर बघतो.'

व्हेंडरला काय विचारायचं?

हे प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

• आपल्या डेटाची दुसरी प्रत आहे ती सतत बदलणारी आहे की बाजूला ठेवलेली? आज दुपारी कोणी चुकून नोंदी पुसल्या तर कालचा डेटा कुठून मिळेल?

• बॅकअप राखीव सर्व्हरवरून घेत असाल तर तो मागे पडलेला नाही हे आधी कोण तपासतं?

• शेवटच्या बॅकअपमधली शेवटची नोंद किती वाजताची आहे? फाइलची वेळ नको, आतल्या नोंदीची वेळ सांगा.

• बॅकअप झाला नाही तर कोणाला कळतं? आणि 'झाला' असा मेसेज येणंच बंद झालं तर कोणाच्या लक्षात येतं?

• मुख्य सर्व्हरचा पासवर्ड हल्लेखोराला मिळाला तर त्याच पासवर्डनं बॅकअप पुसता येतो का?

• बॅकअपवरून डेटा परत उभा करून शेवटचं कधी पाहिलं? किती तास लागले?

शेवटच्या प्रश्नावर समोरची व्यक्ती गप्प झाली तर आधीच्या पाच उत्तरांना फारसा अर्थ उरत नाही.

या सगळ्यात राखीव सर्व्हरवरून बॅकअप घेणं ही चूक नाही. उलट गर्दीच्या सेवांसाठी तोच व्यवहार्य मार्ग आहे. फक्त राखीव सर्व्हरचं काम सेवा चालू ठेवणं आणि बॅकअपचं काम मागच्या क्षणाकडे परत नेणं, ही विभागणी डोक्यात पक्की हवी. काही संस्था यासाठी एक राखीव सर्व्हर मुद्दाम काही तास मागे चालवतात. मायएसक्यूएलमध्ये ५.६ आणि पोस्टग्रेसमध्ये ९.४ आवृत्तीपासून ही सोय आहे. मुख्य सर्व्हरवर चूक झाली तर ती तिथे पोहोचण्याआधी थांबवायला थोडा वेळ मिळतो. पण तोही बॅकअपला पर्याय नाही. तीन तास मागे असलेल्या सर्व्हरवर चौथ्या तासाला ती चूक पोहोचलेली असते.

देजॉनच्या जी-ड्राइव्हवर कर्मचाऱ्यांनी फायली ठेवल्या कारण तसं त्यांना सांगण्यात आलं होतं. सरकारी जागा म्हणजे सुरक्षित असणार, असं कोणीही धरून चालेल. पतसंस्थेत पैसे ठेवणारा सभासद किंवा दवाखान्यात नाव नोंदवणारा रुग्णही असंच धरून चालतो. त्याच्या वतीनं वरचे सहा प्रश्न विचारणं हे त्या संस्थेच्या संचालकांचं, मुख्याध्यापकांचं आणि सचिवांचं काम आहे.